नणंदेची बोटं

माझी नणंद जन्मापासून आंधळी आहे. मी चाळिशी उलटल्यावर झाले, तेही हळूहळू, काचबिंदूने. आता भुईगावच्या आमच्या घरात दोन आंधळ्या बायका आणि एक डोळस पुरुष, असं माझा नवरा पाहुण्यांना हसत सांगतो. पाहुणेही हसतात. मला कधी हसू आलं नाही, कारण या दोन बायका सारख्या नाहीत. एक तयार आहे आणि एक कच्ची. कच्ची ती मी.

नणंदेला घरात सगळे बाय म्हणतात, म्हणून मीही म्हणते. तिचं लग्न झालं नाही, ती आमच्याबरोबरच राहते आणि वसईत एका बँकेत नोकरी करते. मी लग्न होऊन साताऱ्याकडून इथे आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "हिला सांभाळ." मी सांभाळलं. तिला साडीवर मिळतं पोलकं काढून द्यायचे, तिची कागदपत्रं वाचून दाखवायचे, वाडीतल्या ओल्या वाटेवर तिचा हात धरायचे. आल्यागेल्या बायका तिला ऐकू जाईल अशा आवाजात "बिचारी" म्हणायच्या आणि मला "तू आहेस म्हणून हो" म्हणायच्या. ते मला आवडायचं.

मी वसई स्टेशनजवळच्या एका दुकानात डीटीपीचं काम करायचे. लग्नपत्रिका, स्मरणिका, शाळांचे अहवाल, चर्चच्या पुस्तिका. आमच्या भाषेत त्याला पान लावणं म्हणतात. कुठलं अक्षर मोठं, कुठलं ठळक, कुठे किती जागा सोडायची, हे ठरवून मजकूर पानावर बसवायचा. आमच्या वाचनालयाचा वार्षिक अंक तर दरवर्षी मीच लावायचे. गावात अंक हातात पडला की लोक विचारायचे, पान कुणी लावलंय? त्या एका प्रश्नासाठी मी वर्षभर थांबायचे असं म्हटलं तरी चालेल.

डोळे जाऊ लागले तेव्हा आधी स्क्रीनवरचा बाण हरवायला लागला. माऊस गोल गोल फिरवायचा, बाण कुठे आहे ते कळायचं नाही. मग ओळी हरवल्या. दुकानाच्या मालकाने बरेच दिवस सांभाळून घेतलं, पण एका पत्रिकेत नवऱ्यामुलाच्या नावाच्या जागी त्याच्या काकांचं नाव गेलं, आणि मीच काम सोडलं.

त्यानंतर वर्षभर मी घरात बसून होते. बाय रोज संध्याकाळी बँकेतून आली की विचारायची, "वहिनी, बसतेस का? मी शिकवते." मी म्हणायचे, उद्या. तिच्याकडून शिकायचं ही कल्पनाच मला नको वाटायची. शेवटी नवऱ्याने लॅपटॉप आणून माझ्या मांडीवर ठेवला आणि आमची शिकवणी सुरू झाली. दर रविवारी सकाळी, ओटीवर.

बायचा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारा तो यंत्राचा आवाज, इतक्या वेगाने बोलतो की मला पहिल्यांदा वाटलं तो बिघडलाय. तव्यावर मोहरी तडतडावी तसा. ती मात्र त्यातून शब्द न् शब्द उचलत होती, वर माझ्याशी गप्पाही मारत होती. तिने स्क्रीनचा उजेड पार बंद करून ठेवला होता.

"उजेड कशाला?" ती म्हणाली. "बॅटरी खातो. बघतंय कोण?"

आणि तिची बोटं! मी ती पाहिली नाहीत, ऐकली. चार कळा, थांबा, दोन कळा, झालं. शिफ्ट दाबून बाण, एक अक्षर निवडलं. कंट्रोल आणि शिफ्ट दाबून बाण, एक शब्द निवडला. शिफ्ट आणि एंड, ओळीच्या टोकापर्यंत. प्रत्येक वेळी आवाज तो मजकूर म्हणून पुढे "सिलेक्टेड" जोडायचा. मग कंट्रोल बी, की "बोल्ड ऑन".

"आता तू कर," ती म्हणाली.

माझा उजवा हात आपोआप लॅपटॉपच्या बाजूला गेला आणि ओटीच्या लादीवर माऊस शोधायला लागला. तिथे माऊस नव्हता. बायला माझ्या बांगड्यांचा आवाज आला असणार.

"तिकडे काही नाही गं," ती म्हणाली. चिडवून नव्हे, अगदी साधेपणाने. मला ते चिडवण्याहून जास्त लागलं.

एक शब्द निवडायला मला किती वेळ लागायचा! शिफ्टवरचं बोट जरा सैल झालं की निवडलेलं सगळं सुटायचं आणि आवाज "अनसिलेक्टेड" म्हणायचा. वेलांटी चुकली म्हणून बॅकस्पेस दाबावं तर वेलांटी तेवढी जायची आणि अक्षर उघडंबोडकं उरायचं, आणि मी समजायचे अक्षरही गेलं, म्हणून ते पुन्हा टाइप करायचे. मग शब्दात दोन-दोन ककार. वर्षानुवर्षं मी हेच काम केलं होतं. डोळे होते तेव्हा मजकुरावरून माऊस ओढला की काळा पट्टा पसरायचा आणि काम व्हायचं. आता मी पहिलीतल्या पोरीसारखी पाटी पुसत बसले होते, आणि मला शिकवणारी बाई होती जिला मी हात धरून वाडीतून चालवलं ती.

यात भर म्हणजे नवरा. तो रविवारी वाडीतून पानवेलींना पाणी देऊन आला की आमच्याजवळ बसायचा. आमच्या घराची एक वेगळी बोली आहे, इथल्या जुन्या कुटुंबांची. मला ती सगळी कळते, पण इतक्या वर्षांत माझ्या जिभेवर नीट बसली नाही, म्हणून माझ्याशी सगळे साधी मराठी बोलतात. ती भावंडं आपसांत त्या बोलीत बोलायची, बँकेतल्या कुणाची तरी नक्कल करायची आणि हसायची. त्याने एकदा मला सांगितलं, "बायकडे बघ, कशी सटासट करते." बघ म्हणाला. मी लॅपटॉप मिटला आणि आत भाजी निवडायला गेले.

एकदा मी माझ्या जुन्या फायली उघडायला बसले. दुकान सोडताना मालकाने मला त्या पेनड्राइव्हवर भरून दिल्या होत्या. वाचनालयाचे सगळे अंक त्यात होते. मी पहिलीच फाइल उघडली आणि कान लावून बसले. आवाज वाचायला लागला, "कॅपिटल जे, डॉलर, स्मॉल ओ, सेमीकोलन, स्लॅश..." मी खाली गेले. तेच. दुसरी फाइल. तेच.

बायला हाक मारली. तिने दोन ओळी ऐकल्या आणि म्हणाली, "जुना फाँट आहे ना तुझा? दिसायला मराठी, पण आत मराठी नाहीच. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं भरलेली असतात, त्यांच्यावर मराठीचं चित्र लावलेलं. आवाजाला आतलं दिसतं फक्त."

"मग आता हे वाचायचं कसं?"

"बदलून घेता येतं. वेळ लागेल, चुका राहतील. करू कधीतरी." आणि तिच्या फोनची घंटा वाजली, म्हणून ती उठून गेली.

माझं आयुष्यभराचं काम मला ऐकूही येणार नव्हतं. तिचं काम, बँकेतली ती रुक्ष पत्रं आणि अर्ज, सगळं स्वच्छ वाचता येत होतं. मी तिथे बसून डॉलर आणि सेमीकोलन ऐकत राहिले. मला तिचा मत्सर वाटत होता, हे तोवर मी मनाशी कबूल केलं नव्हतं. वैताग म्हणत होते, थकवा म्हणत होते.

मग वाचनालयाचे गुरुजी आले. निवृत्त मुख्याध्यापक, वाचनालयाचे अध्यक्ष, दरवर्षी अंकाचा मजकूर तेच माझ्याकडे आणून द्यायचे. त्यांचा आवाज ऐकताच मी चहा टाकला. शिकवणीला तोवर बरेच महिने झाले होते. एक पान मी आता बऱ्यापैकी लावू शकत होते. हळू, पण लावत होते. मला वाटलं, हे विचारणार, मी थोडे आढेवेढे घेणार, आणि मग हो म्हणणार.

"वहिनी, यंदाच्या अंकाचं काय आहे," गुरुजी चहाचा घोट घेऊन म्हणाले, "आम्ही समितीत बोललो. तुमच्या नणंदबाई कॉम्प्युटरवर किती छान काम करतात ते सगळ्यांनाच ठाऊक आहे. तर यंदा त्यांच्याकडे द्यावं म्हणतो. तुम्हाला आता त्रास नको."

त्रास नको! मी म्हटलं, "बरं केलंत." बाय ओटीवरच होती. तिने अंकाच्या मजकुराचा पेनड्राइव्ह हातात घेतला असावा, कारण गुरुजी "आभारी आहे हो" म्हणाले.

ते गेल्यावर बाय म्हणाली, "वहिनी, आपण दोघी मिळून करू."

"तुला दिलंय ना? तू कर."

पुढे दोन रविवार मी शिकवणीला बसले नाही. बाय आपल्या खोलीत अंक लावायची आणि मी भिंतीच्या अलीकडे, स्वयंपाकघरात, कळांचा आवाज ऐकत बसायचे. कुकरची शिट्टी झाली की मला राग यायचा, कारण तेवढा वेळ ऐकू यायचं नाही.

एका दुपारी बाय बँकेत होती, नवरा सोनचाफ्याची फुलं द्यायला बाहेर गेला होता. मी तिच्या खोलीत गेले. लॅपटॉप टेबलावर होता. मला नेमकं काय करायचं होतं? खरं सांगायचं तर चुका शोधायच्या होत्या. फाइल सापडली. आवाजाचा वेग आधी कमी करून घेतला, मग एकेका शीर्षकावर थांबून अक्षर कसं आहे ते विचारणारी कळ दाबली. आवाज सांगू लागला. बोल्ड, इटॅलिक, अंडरलाइन, आकार छत्तीस, मध्यभागी. पुढचं शीर्षक. बोल्ड, इटॅलिक, अंडरलाइन, आकार छत्तीस. लेखकाचं नाव. तेही बोल्ड, इटॅलिक, अंडरलाइन. आणि दोन लेखांमध्ये कुठेही जागा नाही. एक लेख संपला की त्याच्या पायावर दुसऱ्याचं डोकं.

मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले. हे असलं पान मी दुकानातल्या नव्या पोरीला परत करायला लावलं असतं.

मग मला राहवेना. एका शीर्षकाच्या सुरुवातीला गेले, शिफ्ट आणि एंड दाबलं, सिलेक्टेड. कंट्रोल आणि स्पेस दाबून सगळा साज उतरवला, मग फक्त कंट्रोल बी. पुन्हा विचारलं. बोल्ड. आकारही साधा झाला होता, तो जरासा वाढवला. छान. दुसऱ्याला हात घातला आणि घाईत कंट्रोल ए दाबलं गेलं. आवाज म्हणाला, इतकी हजार अक्षरं सिलेक्टेड. मी घाबरले, हात उचलला, आणि अंगठा स्पेसबारवर पडला, म्हणजे निवडलेल्या सगळ्या मजकुराच्या जागी एक रिकामी जागा.

शांतता. वरचा बाण दाबला. "ब्लँक." खालचा. "ब्लँक." गावातल्या माणसांनी लिहिलेले सगळे लेख एका अंगठ्याने गेले होते. पण बोटांना जुनी सवय होती. ती आपोआप, केलेलं मागे घेणाऱ्या कंट्रोल झेडवर गेली. बाण दाबला. पहिल्या लेखाची पहिली ओळ आवाजाने इतक्या शांतपणे वाचली, जणू काही झालंच नव्हतं. मी जपून ठेवण्याची कळ दाबली, लॅपटॉप मिटला आणि नळाखाली तोंड धुतलं.

संध्याकाळी बायच्या खोलीतून हाक आली. "वहिनी!"

मी दारात जाऊन उभी राहिले.

"एका लेखाचं शीर्षक साधं झालंय. बाकीची तशीच आहेत. आणि आवाजाचा वेग कुणीतरी कमी केलाय. म्हातारीसारखा बोलतोय."

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. घरात एवढ्या हळू ऐकणारी मी एकटीच. "मी केलं," म्हटलं.

"मला विचारायचं तरी. अख्खी फाइल उडाली असती तर?"

"उडालीच होती. परत आणली."

"वहिनी!" ती खुर्चीवरून उठली. "हे काय चाललंय तुझं? शिकायला बसत नाहीस, माझ्याशी धड बोलत नाहीस, आणि माझ्यामागे माझ्या कामाला हात लावतेस. काय केलंय मी तुझं?"

"काही नाही केलंस," मी म्हटलं, आणि मग ते बाहेरच आलं. "मला तुझा हेवा वाटतो. कळलं? तुझ्या बोटांचा वाटतो, कानांचा वाटतो. माझं काम होतं ते, माझं. ते तुझ्याकडे गेलं. मला बघवत नाही."

ती मटकन खुर्चीत बसली. मला वाटलं, रडते की काय. आणि मग तिच्या घशातून एक आवाज आला. ती हसत होती.

"पुन्हा म्हण," ती म्हणाली.

"काय?"

"तेच, हेवा वाटतो ते. पुन्हा म्हण ना. अगं, आजवर लोकांना माझी दया आली. कौतुक केलं तेही दयेचंच. माझा हेवा वाटतो असं कुणी म्हणालं नव्हतं मला."

माझा संताप झाला. मी जळून खाक होत होते आणि हिला त्याचा सण वाटत होता. मी निघाले, तर तिने पाठीमागून विचारलं, "पण ते शीर्षक साधं का केलंस?"

इथे माझी बाजू पक्की होती. मी परत वळले. "कारण तू सगळं ठळक, तिरकं, शिवाय खाली रेघ, सगळं एकदम केलंयस. सगळ्यांनाच."

"शीर्षक महत्त्वाचं असतं ना? म्हणून."

"पंगतीत सगळे वाढपी एकदम ओरडायला लागले तर काय ऐकू येईल? पानावर तसं होतं. एकाने हाक मारायची, बाकीच्यांनी गप्प बसायचं. आणि जागा कुठे आहे? दोन लेखांत जागा नाही."

"रिकाम्या ओळी मीच काढल्या. लोकांनी कितीतरी टाकल्या होत्या. नुसतं ब्लँक, ब्लँक, ब्लँक ऐकत बसायचं. कागद वाया."

"तो वाया नाही जात. नजर तिथे टेकते. चालताना मध्ये ओटा लागतो ना, बसायला, तसं."

तिने बोल्डची कळ एकदा दाबून ऐकली. मग म्हणाली, "ठळक म्हणजे दिसायला काय असतं गं? मला शब्द माहीत आहे. कळ माहीत आहे."

मी तिचा हात घेतला आणि तळव्यावर बोटाने हलकेच एक रेघ ओढली, मग त्याच जागी अंगठा दाबून ओढली. "पहिली साधी. ही ठळक."

तिने हात काढून घेतला. "तुला आठवतं तरी," ती म्हणाली. आवाज पार बदलला होता. "तू चाळीस वर्षं बघून घेतलंस आणि वर माझा हेवा करतेस." आणि ती मला ओलांडून न्हाणीघरात गेली.

तिचं बरोबर होतं, तरी माझा हेवा कमी झाला नाही. फक्त आता घरात दोन हेवे झाले होते.

दुसऱ्या दिवशी तिनेच खुर्ची ओढून दिली. आम्ही अंक मिळून लावला. मी सांगायचे कुठे जागा हवी, ती करायची. रिकामी ओळ न टाकताही परिच्छेदाच्या वर जागा सोडता येते, ती कळ तिने दाखवली. दुकानात मी ते नेहमी माऊसने करायचे, कळ कधी शिकलेच नव्हते. दोन-तीनदा भांडलोही. एकदा नवरा मध्ये पडायला आला, तर आम्ही दोघींनी त्याला वाडीत पिटाळलं.

अंक छापून आला. वाचनालयाच्या हॉलमध्ये छोटा कार्यक्रम झाला. गुरुजी बोलायला उभे राहिले. "जन्मांध असूनही आमच्या या भगिनीने," असं म्हणून त्यांनी बायला शाल आणि श्रीफळ दिलं. टाळ्या. मग म्हणाले, "त्यांना वहिनींचीही साथ लाभली." साथ! पेटीवाल्याची असते तशी. मीही टाळ्या वाजवल्या. माझ्या मागच्या रांगेत एका बाईने शेजारणीला विचारलं, "पान सुंदर लागलंय हो. कुणी लावलं?" आणि शेजारीण म्हणाली, "ती नाही का, नणंद."

घरी येताना रिक्षात बाय म्हणाली, "शाल टोचते. तुला हवी का?"

"नको," मी म्हटलं. मला ती हवी होती.

त्यानंतर काही आठवड्यांनी पलीकडच्या गल्लीतली एक कॅथलिक बाई आली. तिच्या मुलीचं लग्न होतं, आणि लग्नाच्या मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या विधीची, पुस्तिका करून हवी होती. प्रार्थना, गीतं, फादरांनी म्हणायचं, लोकांनी म्हणायचं. बाय घरातच होती. पण ती बाई सरळ माझ्याजवळ येऊन बसली. "माझ्या थोरल्या लेकीच्या लग्नाची पुस्तिका तूच केली होतीस," ती म्हणाली. "अजून जपून ठेवलीय. तशीच कर."

मी ती पुस्तिका एकटीने केली. किती दिवस लागले ते विचारू नका. फादरांच्या ओळी साध्या, लोकांचे प्रतिसाद ठळक, गीतांची कडवी मध्यभागी. प्रत्येक ओळ निवडायची, ऐकायची, सुटली तर पुन्हा निवडायची. लांब प्रतिसादांची दुसरी ओळ पहिलीच्या जरा आत सुरू व्हावी असं मला हवं होतं, म्हणजे वाचणाऱ्याला नवीन प्रतिसाद कुठे सुरू होतो ते चटकन कळतं. माऊसशिवाय ते कसं करायचं ते मला ठाऊक नव्हतं, आणि बायला विचारायचं नाही असं मी ठरवलं होतं. कंट्रोलबरोबर एकेक अक्षर दाबत गेले, प्रत्येकदा काय झालं ते ऐकत, नको असलेलं परत घेत. शेवटी सापडलं.

पुस्तिका तयार झाल्यावर बाय माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "ऐकू दे जरा." मी आवाज तिच्या वेगाचा करून दिला. तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं, मध्ये थांबून कळा दाबून विचारलं.

"ही दुसरी ओळ आत कशी सरकवलीस?"

मी उठून चहा टाकला.

"वहिनी? टॅबने नाही केलेलं. कुठली कळ आहे?"

"शोध," मी म्हटलं.

ती पाय आपटत तिच्या खोलीत गेली. भिंतीपलीकडून कळांचा आवाज यायला लागला. कंट्रोलबरोबर एक अक्षर, थांबा, परत. दुसरं अक्षर, थांबा, परत. मी चहा ओतून घेतला आणि ऐकत बसले.